युवराजचा उजवा डोळा

आमच्या घरात दोन मुलं वाढली असं गावात म्हणतात. माझ्या मते एकच वाढलं आणि त्याला वाढवायला बाकीचे सगळे राबले. माझा धाकटा भाऊ युवराज शाळेत असतानाच तालमीत जायला लागला आणि त्या दिवसापासून गोठ्यातली म्हैस त्याच्या नावावर झाली. दूध त्याचं, तूप त्याचं, बदाम त्याचे. मला चहापुरतं मिळायचं. मी गणित घेऊन पदवीपर्यंत शिकले, लग्न होऊन बारामतीला आले, तिथं शिकवण्या घ्यायला लागले. अजूनही ताटात बदाम दिसला की तो कुणाच्या तरी वाट्याचा आहे असं वाटून माझा हात मागं येतो.

हे आधी सांगितलं, कारण कुस्तीबद्दल मी जे बोलेन त्यात थोडा राग असणार. तो वजा करून वाचावं.

आमचं गाव कळस. तिथली तालीम म्हणजे पत्र्याची लांबट खोली, मधोमध आखाडा, भिंतीवर मारुतीची तसबीर आणि दाराबाहेर सिमेंटची पाण्याची टाकी. टाकीत कालव्याचं पाणी येतं आणि कडेनं हिरवं शेवाळ धरतं. मानसिंग वस्ताद ही तालीम चालवतात. दोन्ही कान मोडलेले, मान आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांचं लग्न झालेलं आहे, पण खरा संसार मातीशी. त्या मातीत ते हळद घालतात, ताक घालतात, तेल, लिंबू, कापूर घालतात, आणि रोज पहाटे स्वतः फावड्यानं उकरतात. लढून झाल्यावर अंगावरची माती लगेच धुतलेली त्यांना खपत नाही. ती अंगावर वाळली पाहिजे. स्वतः तर मातीचा हात मांडीला पुसून तसेच भाकरीला बसतात.

"माती म्हंजी मळ न्हवं," असं ते म्हणतात. पोराला गळू झालं, लाव माती. पाय मुरगळला, लाव माती. ताप आला तर आखाड्यात लोळ. खरं सांगायचं तर पोरं बरीही व्हायची, कारण त्या वयात पोरं तशीही बरी होतात. पण श्रेय मातीला जायचं.

युवराजला आठवीपासून चष्मा. नंबर मोठा. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते त्याला कळत नसे. आखाड्यात चष्मा चालत नाही, त्यामुळे तो अंदाजानं लढायचा आणि अंदाजानं हरायचा. वस्ताद म्हणायचे, अंगात रग आहे पण डाव उशिरा सुचतो. डाव उशिरा सुचत नव्हता, उशिरा दिसत होता. हे त्यानं वस्तादांना कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही हसत.

मग एका मोसमात तो जिंकायला लागला. भवानीनगरला जिंकला, वालचंदनगरला जिंकला, सणसरच्या बिरूला त्याच्याच गावच्या जत्रेत अस्मान दाखवलं. बिरू त्या भागातला नावाजलेला गडी. गावानं युवराजला फेटा बांधून ट्रॅक्टरवरून मिरवलं. वस्तादांनी त्या आठवड्यात मातीला जास्तीचं ताक पाजलं.

मातीनं काही केलं नव्हतं. युवराजनं बारामतीला येऊन गुपचूप कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या होत्या. दुकानदारानं सगळं नीट समजावलं होतं. लेन्सला पाणी लावायचं नाही, तिच्या औषधातच ठेवायची, झोपताना काढायची, महिना झाला की फेकून द्यायची. युवराजनं मान डोलावली. मान डोलवायला तो पहिल्यापासून हुशार आहे.

"ताई, समोरच्याचा डोळा दिसतो गं," तो मला म्हणाला होता. "कुठल्या पायावर भार टाकतोय ते आधी त्याच्या डोळ्यात येतं. मला म्हाईतच नव्हतं." त्याचा आनंद खरा होता. मला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

वस्तादांपासून मात्र त्यानं हे लपवलं. डोळ्यात काच घालून कुस्ती खेळतो म्हटल्यावर वस्तादांनी त्याला मारुतीसमोर कान धरून उभं केलं असतं, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे सगळा कारभार चोरून चालायचा. लढताना लेन्सखाली माती गेली की तो पाण्याच्या टाकीमागं जायचा, लेन्स काढायचा, टाकीच्याच पाण्यात खळबळून परत घालायचा. महिन्याची लेन्स चार-पाच महिने चालवायचा. आणि हे करताना आपण काही चुकीचं करतोय असं त्याच्या मनातही यायचं नाही, कारण पाणी आणि माती दोन्ही तालमीचीच होती.

पावसाळा संपता संपता त्याचा उजवा डोळा लाल झाला. दुखायला लागला. एका मित्राकडं उरलेले कसलेतरी थेंब होते, ते त्यानं घातले. जरा बरं वाटलं आणि मग दुप्पट दुखायला लागलं. वस्तादांनी पाहिलं, त्याला समोर बसवलं आणि जुन्या पद्धतीनं उपचार केला. ओल्या मातीचा गोळा फडक्यात बांधून बंद पापणीवर ठेवला आणि वर हात धरून बसले. आत लेन्स तशीच होती. युवराजला ती काढता येईना, कारण काढायची तर सांगावं लागलं असतं. तो दुपारभर तसाच पडून राहिला. सांगायला त्याला तोंड नव्हतं आणि वस्तादांना विचारायचं सुचलं नाही.

आबा, आमचे वडील, त्याला बारामतीला माझ्याकडं घेऊन आले तेव्हा त्याच्या डोक्यावर टॉवेल होता. उजेड सहन होत नव्हता. एवढा धिप्पाड पोरगा, पण रिक्षातून उतरताना आबांचा शर्ट धरून उतरला.

भिगवण रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉ. रोहिणी होत्या. त्यांनी डोळा तपासला, बुबुळावरून खरवडून नमुना घेतला, तो तपासायला पाठवला. निकाल आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं. साध्या पाण्यात आणि मातीत एक सूक्ष्म जीव राहतो. निरोगी डोळ्यावर त्याचं सहसा काही चालत नाही. पण लेन्सनं बुबुळाला बारीक ओरखडे पडतात आणि लेन्सखाली त्याला बसायला जागा मिळते. मग तो बुबुळ खातो. हळूहळू, पण खातो.

"लेन्स कशात धुत होतास?" त्यांनी विचारलं.

"टाकीत," युवराज म्हणाला.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

युवराज माझ्याच घरी राहिला. सुरुवातीला दर तासाला औषधाचे थेंब, दिवसा आणि रात्रीही. थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे. घालणाऱ्यानं हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, नखं कापलेली हवीत, टॉवेलला पुसायचे नाहीत, हवेत वाळू द्यायचे. ती बाटली मी कुणाच्या हातात दिली नाही. सोबतीला आलेली आई एकदा हात धुऊन पदराला पुसून आली तर तिलाही परत पाठवलं. आई रुसली. मी रुसू दिलं.

एके दिवशी वस्ताद आले. सोबत बदामाची पुडी. त्यांनी युवराजच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या डोळ्यांसमोर, न धुतलेला, नखांत लाल माती असलेला हात. माझा तोल गेला.

"वस्ताद, तुमच्या मातीनं त्याचा डोळा खाल्ला," मी म्हणाले. "आणि वरून तुमी परत मातीच बांधली."

वस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. "माती कुणाचा डोळा खात न्हाय, पोरी," ते म्हणाले. "त्यानं काच घातली, त्यानं खाल्ला."

"डॉक्टरनी सांगितलंय. दोन्हीनं मिळून खाल्ला."

"डॉक्टर कवा आखाड्यात उतरल्यात का?" असं म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला. मी त्यांना थांबवलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

जंतू मेला. त्यासाठी उन्हाळा उजाडावा लागला. पण जाताना तो बुबुळावर पांढरा, दुधाळ डाग ठेवून गेला. त्या डोळ्यानं युवराजला खिडकी कुठं आहे तेवढं कळायचं. डॉ. रोहिणींनी सांगितलं, आता बुबुळ बदलावं लागेल. नेत्रदान केलेल्या माणसाचं बुबुळ मिळालं की खराब झालेला भाग गोल कापून काढायचा आणि तिथं नवा शिवायचा. दिसायला लागेल, याची पुष्कळ शक्यता आहे.

"पण कुस्ती नाही," त्या म्हणाल्या. "बरा झाल्यावरही नाही. आयुष्यभर नाही. शिवलेला डोळा मूळच्यासारखा मजबूत होत नाही. एक कोपर लागलं तर फुटेल."

आईनं लगेच हात जोडले. आबा उठून बाहेर गेले. युवराज आपल्या हातांकडं बघत म्हणाला, "मग नको."

मी खूप बोलले त्याला. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी डॉक्टरांनीच मध्यममार्ग काढला. नाव यादीत घालून ठेवू, बुबुळ यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आलं की ठरव. तोवर मातीत पाऊल टाकायचं नाही. युवराजनं मान डोलावली.

तो कळसला परत गेला, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची तोडायला लागला. आई फोनवर सांगायची, शहाण्यासारखा वागतोय. आम्ही विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

गावच्या जत्रेला मी माहेरी गेले. दुपारी जेवणं उरकत होती तेवढ्यात डॉ. रोहिणींचा फोन आला. बुबुळ आलं होतं. शस्त्रक्रिया उद्या सकाळी, आज संध्याकाळी दाखल व्हायचं.

"डोळा शांत आहे ना?" त्यांनी विचारलं. "लाली नाही ना? मी आल्याबरोबर तपासणार आहे. माती वगैरे गेलेली असेल तर मला करता येणार नाही. मागं दुसरा पेशंट थांबलाय, त्याला द्यावं लागेल."

"घरीच आहे तो," मी म्हणाले आणि फोन ठेवून हाक मारली. उत्तर आलं नाही. आई परातीतल्या पिठाकडं बघत होती.

"कुठाय?"

"कुस्त्यांच्या हगाम्याला गेलाय," आई म्हणाली.

"बघायला?"

आईनं परात जवळ ओढली. "लंगोट घिऊन गेलाय."

कुस्त्यांच्या फडात आमच्याकडं बायका जात नाहीत. लांब, ट्रॉलीवर उभ्या राहून बघतात. मी चप्पल घातली आणि सरळ गर्दीत शिरले. हलगी कडकडत होती. पुढचे पुरुष आधी वळून रागानं बघायचे, मग आबांची, म्हणजे कुंडलिकरावांची पोरगी ओळखून बाजूला व्हायचे. माईकवर पुकारा झाला, कळसचा युवराज विरुद्ध सणसरचा बिरू. मागच्या पराभवाची परतफेड करायला बिरू तयारीनं आला होता आणि समोर दंड थोपटत होता.

युवराज आखाड्याच्या काठावर होता. चष्मा नाही, अंगावर फक्त लंगोट. शेजारी वस्ताद उकिडवे बसून, त्याच्या खांद्याला लावायला मूठभर माती उचलत होते. अजून अंगाला माती लागलेली नव्हती. एवढं मी बघितलं.

"युवा, डॉक्टरचा फोन आला," मी म्हणाले. "बुबुळ आलंय. उद्या ऑपरेशन. आत्ता निघायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणजे डाव्या डोळ्यानं बघितलं.

"एवढी एकच खेळतो, ताई. मग येतो."

"माती गेली डोळ्यात तर करणार न्हाईत. दुसऱ्याला देतील."

"मिटून खेळतो तो डोळा. ऑपरेशन झाल्यावर परत कधी खेळणार हाय मी?" त्यानं लंगोटाची गाठ आवळली. "एकच दे गं मला. शेवटची."

आयुष्यभर ज्याच्या वाट्याचं सगळं त्याला मिळालं असा माझा राग होता, त्याच्याकडं आता मागायला एवढंच उरलं होतं.

वस्ताद उठून उभे राहिले. "कसलं ऑपरेशन?" त्यांनी युवराजला विचारलं. "तू तर म्हनलास डोळा बरा झाला. जरा धुरकट हाय म्हनलास."

वस्तादांना त्यानं खोटं सांगितलं होतं. नाहीतर त्यांनी त्याची जोड लावलीच नसती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

वस्तादांनी डाव्या हाताचा पंजा त्याच्या चांगल्या डोळ्यावर घट्ट ठेवला. माती भरलेली उजवी मूठ त्याच्या तोंडापुढं धरून उघडली.

"सांग, काय हाय माझ्या हातात?"

हलगी वाजतच होती. माईकवाला दुसऱ्यांदा नाव पुकारत होता.

"माती," युवराज म्हणाला.

"दिसली व्हय?"

वस्तादांनी हात आणखी जवळ नेला.

"इचारतुय मी. दिसली?"

"न्हाय, वस्ताद," युवराज म्हणाला. "वास आला."

वस्तादांचा हात तसाच राहिला. बोटांच्या फटींतून माती खाली सांडली. त्यांनी ती झटकली, मग पंजा धोतराला पुसला, परत पुसला. मग ते एकटेच आखाड्यात उतरले. लोकांना वाटलं जोड लावायला येताहेत, म्हणून टाळ्या पडल्या. ते बिरूसमोर गेले, त्याचं मनगट धरलं आणि हात वर केला.

जोड पुकारल्यावर माघार घेणं म्हणजे तालमीचं नाव बुडवणं. दुसऱ्याच्या पैलवानाचा हात न लढता वर केलेला वस्ताद आमच्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. हलगी थांबली. कुणीतरी मागून शिट्टी मारली, कुणीतरी घाण बोललं. वस्तादांनी बिरूचा हात खाली आणला नाही.

"माझा गडी हरला," ते माईकशिवायच म्हणाले. "न्हेऊ द्या त्याला."

गाडीत युवराज कळसपासून बारामतीपर्यंत रडत आला. रडू नको, डोळा लाल होईल, असं मी म्हणाले आणि मग मलाही रडू आलं. डॉ. रोहिणींनी संध्याकाळी डोळा तपासला. रडण्याची लाली आणि जंतूची लाली वेगळी असते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केसाहून बारीक धाग्यानं त्याला नवं बुबुळ शिवलं. कुणाचं होतं ते सांगत नाहीत. आईनं त्या माणसासाठी देवाजवळ दिवा लावला, नाव माहीत नसल्यामुळे नुसताच.

पुन्हा थेंब सुरू झाले, पुन्हा माझ्या घरी. अंगानं बुबुळ नाकारू नये म्हणून ते वर्षभर तरी चालणार होते. युवराजला आधी धुकं दिसायचं, मग धुक्यातून माणसं दिसायला लागली. बोलायचा कमी. कुस्तीचं नाव घ्यायचा नाही. मीही घेत नव्हते.

वस्ताद आले ते कुणाला न कळवता. मी दार उघडलं. त्यांनी आत पाऊल टाकण्याआधी विचारलं, "मोरी कुठंय?"

मी दाखवली. ते गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणून मी बघायला गेले. वस्ताद सदऱ्याच्या बाह्या वर करून कोपरापर्यंत साबण लावत होते. मनगट, तळवा, प्रत्येक बोट वेगळं. नखं मुळापर्यंत कापलेली होती, इतकी की दोन ठिकाणी रक्त आलेलं दिसत होतं. मी सवयीनं टॉवेल पुढं केला. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हात समोर धरून, कशालाही न लावता, ते वाळायची वाट बघत उभे राहिले. हे त्यांना कुणी सांगितलं असेल? आईनं असेल.

मग ते युवराजजवळ येऊन बसले. थेंबांची वेळ झाली होती. बाटली माझ्या हातात होती. मी ती आजवर आईलाही दिली नव्हती. वस्तादांना दिली.

त्यांनी थेंब घातला. नेम चुकला नाही. जरा वेळानं त्यांनी युवराजचा डावा डोळा पंजानं झाकला आणि दुसरा हात त्याच्या तोंडापुढं उघडला.

"सांग, काय हाय?"

युवराजनं बराच वेळ बघितलं.

"काय न्हाय, वस्ताद," तो म्हणाला. "हात धुतलाय तुमी."